सहा खुंट्या आणि दहाचा पाना

तुमच्या फ्लॅटच्या कोपऱ्यात एक गिटार उभी आहे ना? असणारच. पहिल्या-दुसऱ्या पगारात घेतलेली. आधी रोज, मग वीकेंडला आणि आता फक्त पाहुणे आले की हातात घेतली जाणारी. कुणी 'वाजव ना' म्हटलं की उत्तर ठरलेलं, 'अरे, ट्यूनच राहत नाही यार ती!' हे वाक्य मी किमान वीस जणांकडून ऐकलंय. पहिल्यांदा ऐकलं ते माझ्या दादाकडून, नांदगाव पेठच्या घरात. गेली अकरा वर्षं तो ते तसंच्या तसं म्हणतोय.

नांदगाव पेठ म्हणजे अमरावतीहून नागपूरकडे निघालं की हायवेवर लागतं ते आमचं गाव. आता लोकांना ते एमआयडीसीमुळे माहीत असतं. दादा तिथल्याच एका कापडाच्या युनिटमध्ये शिफ्ट बघतो. इंजिनीअरिंगला असताना त्याने ही इलेक्ट्रिक गिटार सेकंड हँड घेतली होती. काळी, सहाही खुंट्या एका ओळीत, एकदम रॉकस्टार आयटम. थर्ड इयरच्या गॅदरिंगमध्ये त्याच्या बँडला दोन गाणी मिळाली. पहिल्याच गाण्याच्या सुरुवातीला, जिथे तो एकटा वाजवणार होता तिथे, तिसरी तार उतरली. त्याने वाजवता वाजवता खुंटी पिळली, ती पुन्हा उतरली. मागून कुणीतरी ओरडलं, 'भाऊ, आधी सूर तं लाव!' अख्खं ग्राउंड हसलं. दादाही हसला. नंतर त्याला कुणीतरी शांतपणे सांगितलं की तुला कानच नाही रे. ते मात्र त्याने हसण्यावारी नेलं नाही. गिटार भिंतीवर गेली ती गेलीच. पुढे घरात गुणगुणणंही बंद झालं, हे आमच्या लक्षात यायला बरीच वर्षं लागली.

तर, या मे महिन्यात फोनवर म्हणाला, "रविवारी एक पोरगा येऊन राह्यला गिटार पाहाले. देऊन टाकतो आता."

"का रे?"

"ठेवून काय करू? खुंट्याच बेकार हायेत तिच्या."

मी पुण्याहून निघताना बॅगेत सहा लॉकिंग ट्यूनर्सचा सेट टाकला. खुलेआम लाच होती ती. खुंट्या नव्या झाल्या की विकायचं कारणच उरणार नाही, असा आपला साधा फंडा. एका गिटार रिपेअर करणाऱ्या माणसावर मी पूर्वी फीचर केलं होतं. त्याच्या टेबलाजवळ बसून चार दिवस जे पाहिलं, तेवढंच माझं क्वालिफिकेशन.

आता खुंटी म्हणजे नेमकं काय, ते बघू. आपल्याकडची खुंटी वेगळी. मिरजेत तंबोरे आणि सतारी बनवणारी घराणी आहेत. मूळ शिकलगारांची, म्हणजे हत्यारांना धार लावणाऱ्यांची. एकोणिसाव्या शतकात फरीदसाहेबांपासून ही मंडळी वाद्यांकडे वळली, आणि 2024 साली मिरजेच्या सतारीला आणि तंबोऱ्याला जीआय टॅगही मिळाला. तिथली खुंटी म्हणजे लाकडाचा निमुळता तुकडा, तसंच निमुळतं भोक आणि दोघांमधलं घर्षण. बस. घसरायला लागली की खडू लावायचा, दाबून बसवायची. बारीक फरक करायला खाली तारेत मणी असतोच. त्यात बिघडण्यासारखं फार काही नसतं, आणि असलंच तर डोळ्यांना दिसतं.

इलेक्ट्रिक गिटारच्या खुंटीत मात्र सगळा मामला आत. बटण फिरवलं की स्क्रूसारखा एक दांडा फिरतो आणि तो एका दातेरी चाकाला ढकलतो. साधारण चौदा वेळा बटण फिरवाल तेव्हा तार गुंडाळलेला खांब एकदा फिरतो. चांगल्या खुंट्यांत हे प्रमाण अठरालाही जातं. यातली गंमत म्हणजे दांडा चाकाला फिरवू शकतो, पण चाक दांड्याला नाही. म्हणूनच प्रत्येक तार सात-आठ किलोने ओढत असताना, म्हणजे सहा मिळून जवळजवळ सिमेंटच्या पोत्याएवढा भार असताना, ती खुंटी जागची हलत नाही. हलायला नको, असं म्हणू. कारण स्वस्त खुंटीत दाते आणि दांडा यांच्यात किंचित मोकळी जागा असते. तार उतरवत उतरवत सुरावर आणली, की ती ढील तशीच राहते आणि जरा जोरात वाजवलं की निघते. म्हणून सुरावर नेहमी खालून वर चढत यायचं. जास्त झालं तर आधी पूर्ण खाली, मग पुन्हा वर. हा एक नियम पाळला तरी अर्ध्या गिटारी सुधारतील. पण हा नियम आपल्याला कुणी सांगत नाही, आणि आपण ॲपमधला हिरवा दिवा लागला की हात काढतो.

घरी पोचले तेव्हा गिटार कूलरच्या शेजारी टांगलेली होती. ज्यांनी वऱ्हाडातला उन्हाळा काढलाय त्यांना कळेल. मेमध्ये पंचेचाळीस डिग्री आणि खोलीत दिवसरात्र ओल्या हवेचा फवारा. अकरा उन्हाळे ती गिटार त्या कूलरखाली न्हात होती. हिवाळ्यात हवा कोरडी, पावसाळ्यात दमट, उन्हाळ्यात घराबाहेर भट्टी आणि घरात कूलर. लाकूड फुगणार, आक्रसणार, आणि त्यात घट्ट बसवलेला प्रत्येक स्क्रू हळूहळू ढिला होणार. खुंट्यांच्या स्क्रूंवर तपकिरी गंज होता. तारा तर हातात घेण्याच्या लायकीच्या नव्हत्या.

रिपेअरवाल्या माणसाने मला एक गोष्ट बजावली होती. खुंटी बदलण्याआधी ती गुन्हेगार आहे हे सिद्ध कर. तेव्हा आधी तपास.

खुंटीचा खांब लाकडातून वर येतो तिथे एक षटकोनी नट असतो. सहापैकी चार नट बोटाने फिरत होते! दादाच्या बाइकच्या टूलकिटमधला दहाचा पाना बरोब्बर बसला. हाताला लागेल इतपतच आवळायचं, जोर काढायचा नाही, खाली लाकूड आहे. मग प्रत्येक बटणाच्या टोकावरचा बारीक स्क्रू पाव फेरा आवळला. नवीन तारा चढवल्या, खांबावर दोन-तीन वेढे, प्रत्येक वेढा आधीच्याच्या खाली. तारा बोटांनी ओढून ओढून ताणल्या, कारण नवी तार पहिला दिवसभर उतरतेच. आणि शेवटी नट. हा नट वेगळा हं, पाना लागतो तो नाही. गळ्याच्या टोकाला सहा खाचांची जी पांढरी पट्टी असते, तिलाही नटच म्हणतात. तार त्या खाचेत अडकते, मग सुटते, आणि सुटताना 'टिंग' असा आवाज येतो. तो आवाज आला की समजायचं, खुंटी बिचारी निर्दोष आहे. पुतणीच्या कंपासमधली पेन्सिल घेतली, टोक काढलं आणि खाचांमध्ये शिसं घासलं. झालं ऑइलिंग.

आता खरी टेस्ट. गिटारच्या डोक्यावर पारदर्शक टेप लावली (थेट रंगावर लावू नका, डाग पडेल) आणि त्यावर प्रत्येक खांबाशेजारी नेलपेंटचा एक ठिपका दिला. त्याच्या बरोब्बर समोर, खांबाच्या माथ्यावर दुसरा. तार चढवून सुरात आणली की मग ठिपके द्यायचे. अर्धा तास वाजवायचं, तारा ताणायच्या, अगदी निर्दयपणे. तार उतरली आणि ठिपके समोरासमोरच राहिले, तर दोष नटचा किंवा तारेचा. ठिपका सरकला, तर खुंटीचा.

दादा सेकंड शिफ्ट करून रात्री साडेअकराला आला. जेवला. मी गिटार त्याच्या हातात दिली. "मी नाही वाजवत," म्हणाला. "वाजवू नको, टेस्टिंग कर," म्हटलं. टेस्टिंग हा शब्द फॅक्टरीतल्या माणसाला बरोबर लागू पडतो. ॲम्प्लिफायर कधीच विकला होता, त्यामुळे नुसता तारांचा बारीक आवाज. आधी बोटं अडखळली. मग त्याने तेच वाजवायला घेतलं, गॅदरिंगचं, सुरुवातीचा एकट्याचा तुकडा. मी काही बोलले नाही. आई आतून येऊन दाराशी उभी राहिली आणि परत गेली.

अर्ध्या तासाने मोबाइलचा टॉर्च लावून पाहिलं. पहिली, दुसरी, चौथी, पाचवी, ठिपके जागच्या जागी. सहावीचा सरळ सरळ सरकलेला. आणि तिसरीचा केसभर, पण सरकलेला.

दादाने टॉर्च माझ्या हातातून घेतला. बराच वेळ तो तिसरीकडेच पाहत होता.

"म्हंजे त्या दिवशी मी बरोबरच वाजवत होतो."

"हो," मी म्हटलं.

आता खरं सांगायचं तर, अकरा वर्षांपूर्वी त्या खांबावर कुणी नेलपेंट लावलं नव्हतं. मधल्या काळातला गंज, कूलर, झिजलेले दाते यांतलं तेव्हा किती होतं, कोण सांगणार? स्टेजवरच्या दिव्यांच्या गरमीनेसुद्धा पोलादी तार लांबते आणि सूर खाली येतो. कदाचित नटच अडकत असेल. तिसरी तार या बाबतीत बदनामच आहे. हे सगळं मला तेव्हाही माहीत होतं. बोलले नाही. पत्रकार म्हणून हे बसत नाही, पण बहीण म्हणून मी त्या रात्री नीट झोपले.

सकाळी सेट उघडला आणि पोपट झाला. नव्या खुंटीला दहा मिलिमीटरचं भोक लागतं, आणि जुन्या गिटारचं भोक त्याहून लहान. ट्यूनर विकत घेताना हीच एक गोष्ट मोजायची असते, आणि मी फोटो बघून, रंग बघून ऑर्डर दिली होती. हसा. बाबांचे एक मित्र एमआयडीसीच्या रस्त्यावर लेथचं दुकान चालवतात. गिटार उशीच्या खोळीत गुंडाळून स्कूटीवर त्यांच्याकडे नेली. त्यांनी व्हर्निअर लावला, "आठ पॉइंट आठ." मग माझ्याकडे पाहिलं.

"ड्रिल नाही का मारता येणार काका?"

"लाकूड हाय पोरी थे, लोखंड नाई. बिट पहिल्या भोकात घुसन अन् सारा रंग टवक्यानं उडन. मंग रडत बसशीन."

मी म्हटलं, मग हळूहळू करू, सहाच तर भोकं आहेत. काकांनी विचारलं, खराब किती? मी ठिपक्यांची सगळी हकिगत सांगितली. त्यांना ती एवढी आवडली की दुकानातल्या पोराला बोलावून पुन्हा सांगायला लावली. मग म्हणाले, "दोन खराब हायेत तं सहा कायले बदलून राह्यली वं?"

"सेट आहे काका. दिसायला एकसारखं..."

"वाजवाचं हाय का दिसाचं?"

यावर मास कम्युनिकेशनच्या डिग्रीकडे उत्तर नव्हतं.

काकांनी जे केलं ते बघण्यासारखं होतं. लोखंडी सळईचा एक तुकडा घेतला, त्याच्या टोकाला हॅकसॉने उभी चीर मारली, चिरेत पॉलिश पेपरची पट्टी अडकवून तिचे वेढे दिले. आधी सागवानाच्या एका फळकुटात तेवढंच भोक पाडून त्यावर प्रयोग. मग गिटारचं डोकं व्हाइसमध्ये, दोन्ही बाजूंना ट्यूबचे रबरी तुकडे लावून. सळई हँड ड्रिलमध्ये अगदी सावकाश फिरवत थोडं पुढून, थोडं मागून. एकाच बाजूने घासत गेलं की भोक नरसाळ्यासारखं होतं. दर दोन मिनिटांनी व्हर्निअर. एका भोकाला जवळजवळ अर्धा तास. लाकडाचा पिवळा भुगा आणि त्याचा वास. जुन्या खुंटीचा एक गंजलेला स्क्रू काढताना डोकं तुटेल असं वाटलं, तेव्हा काकांनी सोल्डरिंग आयर्नचं टोक त्यावर मिनिटभर टेकवलं. तापलेला स्क्रू लोण्यासारखा निघाला. रिकाम्या भोकात टूथपिक आणि फेविकॉल. नव्या स्क्रूसाठी आधी बारीक भोक, आणि स्क्रूला साबण चोळून घ्यायचा, म्हणजे तो पिळताना तुटत नाही. साबणाची आयडिया मला रिपेअरवाल्याने दिली होती. काकांना ती आधीच माहीत होती, अर्थात.

घरच्या घरी असले उद्योग करणाऱ्यांची परंपरा चांगली मोठी आहे, बरं का. अमेरिकेत फ्लॉइड रोझ नावाचा एक गिटारवादक होता. बँडमध्ये वाजवायचा, जोडधंदा म्हणून दागिने घडवायचा. गिटार सारखी सुरातून जाते म्हणून वैतागून 1970च्या दशकाच्या उत्तरार्धात त्याने दागिन्यांच्याच हत्यारांनी एक नट बनवला, तारांना तिथेच आवळून धरणारा. 1979 साली पेटंट मिळालं. पुढे एडी व्हॅन हेलनसारख्यांनी ते वापरलं आणि निम्म्या रॉक संगीताचा आवाज त्यावर उभा राहिला. म्हणजे त्यालाही समजलं होतं की खुंटीला धरून फायदा नाही, गडबड खाचेत आहे.

शनिवारी संध्याकाळपर्यंत तिसरी आणि सहावी नवी झाली. काळ्या गिटारवर चार खुंट्या गंजक्या चंदेरी आणि दोन कुळकुळीत काळ्या. दिसायला? भयंकर. लॉकिंग खुंटीत मागचं चाक आवळलं की आतली पिन तारेला खांबातच दाबून धरते, वेढे द्यावे लागत नाहीत, त्यामुळे वेढ्यांतली ढीलही राहत नाही. बाकी जादू काही नाही. रात्री दादाने पुन्हा तासभर 'टेस्टिंग' केलं. ठिपके हलले नाहीत. या वेळी तो सोबत गुणगुणत होता, त्याच्या नकळत असावं. मला वाटलं, जिंकले.

रविवारी तो मुलगा आला. मोझरीचा, बारावीची परीक्षा दिलेला, बरोबर वडील. राष्ट्रसंत तुकडोजी महाराजांचं गुरुकुंज तिथलंच, आणि वडील भजनी मंडळात खंजिरी वाजवणारे. त्यांनी गिटार हातात घेतली, उलटी-पालटी केली आणि विचारलं, "ह्या दोन खुंट्या येगळ्या काहून?"

मी दादाकडे पाहिलं. आता तो म्हणेल की गिटार विकायची नाही, एवढं छान जमून आलं होतं सगळं. दादा म्हणाला, "त्या दोन खराब होत्या, बदलल्या. बाकीच्या चार चांगल्या हायेत." आणि त्याने त्यांना नेलपेंटचे ठिपके दाखवले. खंजिरीवाल्या काकांनी मान डोलावली. "आमच्यात खुंटीच नाई. चामडं उतरलं का इस्तवाजवळ धरा लागते." मग बापलेक आणि दादा सुराच्या गप्पांत असे रमले की आईने दोनदा चहा केला.

चार हजार ठरले होते, चार हजारच घेतले. उरलेल्या चार नव्या खुंट्या दादाने पिशवीत घालून मुलाला दिल्या. माझे पैसे, पण असो. मुलाला समोर बसवून खालून वर सुरावर कसं यायचं ते पाच-सहा वेळा करून घेतलं. कूलरजवळ टांगू नको, म्हणाला. ते गेल्यावर मी विचारलं, "कशाला दिली रे? आता तर ठीक झाली होती."

"त्याले शब्द देला होता," दादा म्हणाला. "अन् खराब हाय म्हणून देणार होतो, तवा बरं वाटत नव्हतं."

भिंतीवर कूलरच्या शेजारी आता नुसता खिळा आहे. काढलेल्या दोन खुंट्या मी पुण्याला आणल्या. एक उघडून पाहिली. आतल्या चाकाचे दाते एका बाजूला सपाट झालेत.

गेल्या आठवड्यात दादाने मला एक स्क्रीनशॉट पाठवला. मोझरीच्या मुलाचा रात्री दीड वाजताचा मेसेज, 'दादा, दुसरी तार उतरून राह्यली.' सोबत खांबाचा फोटो, त्याने स्वतः लावलेल्या ठिपक्यांसह, लाल नेलपेंट, कुणाचं ते माहीत नाही. दादा नाइट शिफ्टला होता. एक वाजून चौतीस मिनिटांनी त्याचं उत्तर, 'ठिपका हलला नाही. खुंटीले हात लावू नको. खाचेत पेन्सिल फिरव अन् वाजवून मले पाठव.'